सार्वजनिक नेमबाजी आणि तिरंदाजी रेंज आखायची आहे, आमच्या नकाशाची चिरफाड करा

खटाटोप
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज कामासाठी आलोय. आमच्याकडे एक मोकळी जागा सार्वजनिक खेळासाठी मिळायच्या बेतात आहे आणि समितीत 'याला त्यातलं कळतं' म्हणून मला पुढे ढकललंय. मला कळतं ते एवढंच की कॉलेजात असताना दोन वर्षं एअर रायफल मारली होती, त्यालाही जमाना झाला.

जागा आयताकृती आहे. पूर्व-पश्चिम १४० मीटर, उत्तर-दक्षिण ७५ मीटर. फाटक नैर्ऋत्य कोपऱ्यात, दक्षिण कुंपणाला लागून लोकांची जायची-यायची पायवाट, उत्तरेला पडीक जमीन (तीही याच खात्याची, कुंपण आहे), आणि पूर्वेला टेकडी. ही टेकडी बघूनच सगळ्यांना रेंज सुचली खरं तर.

माझा कच्चा आराखडा असा: टेकडीकडे तोंड करून ५० मीटरची पॉइंट टू-टू रायफल रेंज, तिच्या शेजारी दोनेक मीटर सोडून ७० मीटरची तिरंदाजी, फाटकाजवळ १० मीटर एअर रायफल-पिस्तूलचा हॉल, आणि जागा उरली तर कोपऱ्यात क्ले पिजनचं ट्रॅप (हवेत उडवलेल्या मातीसारख्या तबकड्या बंदुकीने फोडायचा खेळ). सगळं सर्वसामान्य लोकांसाठी, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा धनुष्य हातात घेणाराही येणार आणि स्पर्धेची तयारी करणारी पोरंही. कुठे चुकतंय ते बिनधास्त सांगा, मीटिंगमध्ये तोंडघशी पडण्यापेक्षा इथे पडलेलं बरं.

बॅटरी_लो
रुमाल टाकून ठेवतो. नेमकाकांना कोणीतरी हाक मारा.

नेमकाका
हाक ऐकली.

खटाटोपराव, आराखडा वाचला. तुम्ही आधी लेन मोजल्यात आणि मग टेकडी बघितलीत. आम्ही उलटं करायचो. कोऱ्या कागदावर पहिला प्रश्न लिहायचा, चुकलेली गोळी कुठे जाणार? नेम बसलेल्या गोळीची काळजी कोणालाच करावी लागत नाही हो, ती टार्गेटमागच्या मातीत जाऊन झोपते. रेंजची सगळी जागा, सगळा खर्च आणि सगळी डोकेदुखी चुकलेल्या गोळीपायी असते.

पॉइंट टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, दिसायला शेंगदाण्याहून लहान. पण थोडी वर तोंड करून सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तुमची जागा १४० मीटर. म्हणजे उरलेलं सगळं अंतर तुम्हाला माती, भिंत आणि छत घालून जागच्या जागी संपवायचंय.

आता ती टेकडी. टेकडी म्हणजे बॅकस्टॉप नव्हे. बॅकस्टॉप म्हणजे माणसाने मुद्दाम घातलेला, चाळलेल्या मातीचा किंवा वाळूचा बांध, ज्याच्या वरच्या थरात दगड नाहीत. टेकडीत खडक असणारच, आणि दगडावर तिरकी आपटलेली गोळी कुठे वळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. शिवाय टेकडीच्या माथ्यावर सकाळी कोणी फिरायला जातं का ते आधी जाऊन बघून या. बहुतेक जात असेल. टेकडी दिसली की माणूस चढतोच.

ट्रॅप तर आत्ताच खोडून टाका. बारा बोअरचे बारीक छर्रे हलके असतात, लांब जात नाहीत असं लोक म्हणतात आणि ते गोळीच्या मानाने खरंही आहे, पण लांब जात नाहीत म्हणजे पावणेतीनशे मीटर. तेवढी मोकळी जागा समोर हवी आणि तीही पंख्यासारखी पसरलेली, कारण तबकडी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना उडते. शिवाय एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं. ते दर वेळी मातीत. वर फुटलेल्या तबकड्यांचे तुकडे, त्यात डांबराच्या जातीचा माल असतो. दहा वर्षांनी ती जमीन साफ करायची वेळ आली की समितीतले सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

खटाटोप
काका, टेकडीवर लोक जातात. सकाळी बऱ्यापैकी जातात. 🙈 ट्रॅप खोडलं.

पण ५० मीटरला काहीच मार्ग नाही का? तिन्ही बाजूंनी उंच भिंत घातली तर?

नेमकाका
मार्ग आहे, आणि तो करणारे करतातही. नुसत्या भिंतीने भागत नाही. फायरिंग लाइनवर आधी आडवं पडायचं, मग गुडघ्यावर बसायचं, मग उभं राहायचं, आणि तिन्ही वेळा टार्गेटकडे बघायचं. टार्गेटच्या वर किंवा बाजूला आकाशाचा एक तुकडा जरी दिसला तरी समजायचं की त्या तुकड्यातून गोळी बाहेर जाऊ शकते. मग लाइनपासून पुढे टप्प्याटप्प्याने डोक्यावर आडवे बॅफल, म्हणजे गोळी अडवणारे जाड फळे, लावत जायचं, आकाश दिसेनासं होईपर्यंत. बाजूच्या भिंती, शेवटी बांध, आणि जमिनीवर पण गोळी घासून उडणार नाही अशी मऊ माती. पाण्याचं डबकं साचलं तर तेही धोक्याचं, पाण्यावरून चपटा दगड उड्या मारत जातो ना तशीच गोळी जाते.

हे सगळं काम जाणकार अभियंत्याचं आहे, कागद-पेन्सिलीवर माझ्यासारख्याने करायचं नाही. आणि बंदुकीचे परवाने, दारूगोळा ठेवायची तिजोरी, नोंदवह्या, आवाजाच्या तक्रारी हा वेगळा संसार. टू-टू रायफलचा बार कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो, पिस्तुलं त्याच्याही वर. पहिल्या टप्प्यात हे घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. जागा राखून ठेवायची तर ठेवा, पण मला वाटतं या मापात ती जागा तिरंदाजीलाच लागेल.

तिसरा_बाण
काकांशी सहमत, आणि आता तिरंदाजीबद्दल मी भांडते. 😀

खटाटोप, ५० मीटर रायफल आणि ७० मीटर धनुष्य शेजारी-शेजारी, मध्ये दोन मीटर?? अहो आम्ही बाण मारून झाले की चालत टार्गेटपर्यंत जातो, बाण उपसतो, गुण लिहितो, परत येतो. दर काही मिनिटांनी. म्हणजे शेजारी रायफल चालू असताना आमची दहा-वीस माणसं त्याच दिशेला ७० मीटर पुढे उभी असणार. मग प्रत्येक वेळी रायफलवाल्यांनी थांबायचं का? ते थांबणार नाहीत आणि थांबले तरी पाचव्या वेळी चिडतील. दोन्ही खेळ एकाच संकुलात नांदू शकतात, फक्त मध्ये भक्कम भिंत हवी, किंवा एक हॉलच्या आत आणि एक बाहेर.

जागतिक तिरंदाजी संघटनेचं मैदानाचं माप सांगते. शूटिंग लाइनच्या मागे किमान ५ मीटरवर वेटिंग लाइन, तिच्यामागे आणखी १० मीटर सोडून प्रेक्षकांचं कुंपण. टार्गेटच्या रांगेच्या दोन्ही टोकांना २०-२० मीटर मोकळे. आणि ९० मीटरवर टार्गेट असेल तर लाइनपासून ११० मीटरपर्यंत कोणी नको, म्हणजे टार्गेटमागे २० मीटर. पण हे स्पर्धेच्या मैदानाचं माप आहे, जिथे सगळ्यांना मारता येतं. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी आलेला दादा येणार, तो ७० मीटरवर टार्गेटच्या बाजूला नाही तर टार्गेटच्या वरून मारतो. मागे शक्य तेवढी जागा सोडा आणि शिवाय बांध किंवा जाळी ठेवा.

टेकडीचा एक फायदा मला दिसतो, बाण सरळ गेला तर पुढे अडतो. पण खडकावर आपटलेला कार्बन बाण म्हणजे बाण गेलाच. आणि वर सुटलेला बाण टेकडी अडवत नाही, तो टेकडीवर पडतो. काही जणांना दोरी ओढताना धनुष्याचा हात आकाशाकडे न्यायची सवय असते. त्या क्षणी हात सुटला की बाण २०० मीटरच्या पुढे सहज. नियमातच आहे की चुकून सुटला तरी बाण सुरक्षित पट्ट्याच्या बाहेर जाईल अशी ओढायची पद्धत चालणार नाही. बोर्डावर हा नियम सगळ्यात वर लिहा, 'थुंकू नये' च्याही वर.

आणि ऊन! पूर्वेकडे तोंड करून सकाळी सातला ७० मीटरवरचं पिवळं वर्तुळ शोधून दाखवा कोणीतरी.

खटाटोप
ऊन डोक्यातच आलं नव्हतं. हॉल सोडून कधी मारलंच नाही ना.

खडूस_इंजिनियर
उन्हाचं साधं आहे. उत्तर गोलार्धात रेंजचं तोंड उत्तरेकडे ठेवतात, दिवसभर सूर्य पाठीशी किंवा बाजूला राहतो. दक्षिण गोलार्धात उलट. तुमचा प्लॉट नेमका आडवा पडलाय, लांबी पूर्व-पश्चिम. उत्तरेकडे तोंड केलं तर मिळतात ७५ मीटर, त्यात ७० मीटरची रेंज बसत नाही. आकडेमोड करून बघितली (रिकामा वेळ फार आहे):

पूर्वेकडे तोंड, पश्चिमेकडून मोजायला लागा. पहिले २५ मीटर हॉल, पार्किंग, वेटिंग लाइन वगैरेला. मग शूटिंग लाइन. पुढे ७० मीटरवर टार्गेट. मागे उरले ४५ मीटर, त्यातच शेवटाला बांध आणि जाळी. छान बसतं. रुंदी ७५, दोन्हीकडे २०-२० सोडले की ३५ मीटर उरले, साडेतीन मीटरला एक टार्गेट धरलं तर १० टार्गेटं. पायवाट दक्षिणेला आहे तिकडचे २० मीटर तर अजिबात खाऊ नका, उलट सगळी रांग जमेल तेवढी उत्तरेला सरकवा, तिकडे पडीकच आहे आणि खातंही एकच.

उन्हावर उपाय म्हणजे ७० आणि ५० मीटर फक्त दुपारनंतर. सूर्य पश्चिमेला, तुमच्या पाठीशी. सकाळी त्याच मैदानावर उत्तरेकडे तोंड करून ३० मीटर आणि १८ मीटर. दक्षिणेकडून १५ सोडले, ३० मारले, मागे ३० उरले, झाले ७५. नवशिक्यांचे वर्ग सकाळी, मोठी मुलं संध्याकाळी. निसर्गानेच वेळापत्रक आखून दिलंय.

बॅटरी_लो
इंजिनियर साहेब, एवढं गोड बोलणं? तब्येत बरी आहे ना?

गप्पिष्ट
माझा वेगळाच प्रश्न. एवढी मोठी जागा अडवून एका वेळी किती माणसं खेळणार? ७५ गुणिले १४० मध्ये चार इतर खेळांची मैदानं होतात. समितीत हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

तिसरा_बाण
विचारूदेत, उत्तर आहे. तिरंदाजीत एका टार्गेटवर चार जण असतात, ए-बी आधी मारतात, सी-डी नंतर. १० टार्गेट म्हणजे ४० जण एका सत्रात. आणि यात वयाचं बंधन जवळजवळ नाही, दहा वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा एकाच टार्गेटवर. असा खेळ दाखवा दुसरा. पुढे मागणी वाढणारच आहे, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य) मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय, १९७२ पासून आत्तापर्यंत तिथे फक्त रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनकप्प्यांचं धनुष्य) होतं. जाता जाता, कंपाउंडचा बाण फोमच्या बटमध्ये (टार्गेटचा कागद लावतात तो जाड ठोकळा) फार खोल घुसतो, त्यामुळे त्यांची टार्गेटं वेगळी आणि दाट ठेवा नाही तर दोन महिन्यात चाळण.

एअर रायफलचं मात्र काकांनी सांगावं, तिथे एक लेन एक माणूस.

नेमकाका
हो, १० मीटरच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या आणि ७५ मिनिटं, त्याआधी तयारी आणि सराव १५ मिनिटं. सामान काढणं-भरणं धरून एका माणसामागे लेन दोन तास अडते. सामान्य लोकांसाठी ४५ मिनिटांच्या पाळ्या करा. फायरिंग पॉइंटची रुंदी नियमाने किमान १ मीटर, पण तुम्ही सव्वा धरा, शिकवणाऱ्याला शेजारी उभं राहता आलं पाहिजे.

हॉलबद्दल चार गोष्टी ज्या नकाशात दिसत नाहीत. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. टार्गेटवर उजेड किमान १५०० लक्स आणि एकसारखा, कारण रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, सुईच्या टोकाएवढा. लाइन आणि टार्गेट यांच्यामध्ये कुठलाही दरवाजा नको. 'कुलूप लावू की' हे उत्तर नाही, दरवाजाच नको, कारण कुलूप लावणारा एक दिवस रजेवर असतो. चौथी गोष्ट, फरशी हलता कामा नये. मी एका रेंजवर होतो तिथे वरच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. वर कोणी वजन टाकलं की खाली दहाचा आठ. पोरं म्हणायची काका वाऱ्यामुळे गेला. बंद हॉलमध्ये वारा!

सावली
मी यातली नाही पण माझी मुलगी ११ वर्षांची आहे आणि तिला एअर रायफल शिकायचीय म्हणून वाचतेय. ते छर्रे शिशाचे असतात ना? शिसं मुलांना वाईट असतं असं वाचलंय. घाबरावं का किती घाबरावं?

शिसपेन्सिल
आयडीवर जाऊ नका, पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. 😄 पण औद्योगिक आरोग्यात काम केलंय त्यामुळे याचं उत्तर देऊ शकतो.

सावलीताई, प्रश्न एकदम योग्य. मुलांच्या शरीरात शिसं गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, थोडं चालतं अशी सुरक्षित पातळी मानत नाहीत. पण एअर रायफल आणि खऱ्या काडतुसाची बंदूक यात मोठा फरक आहे. काडतुसाच्या बुडाशी जो प्रायमर (ठिणगी पाडणारा भाग) असतो त्यात बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं, ते पेटलं की शिशाचा धूर नाकासमोरच तयार होतो. शिवाय गरम वायूने गोळीच्या बुडाचं शिसं उडतं. एअर रायफलमध्ये जळणं नाहीच, नुसती दाबलेली हवा. तिथे शिसं येतं बोटांवर (छर्रा हाताने भरतात) आणि टार्गेटमागच्या सापळ्यात, जिथे छर्रा आपटून चुरा होतो.

त्यामुळे मुलीसाठी नियम सोपे: छर्रे तोंडात धरायचे नाहीत (हसू नका, धरतात), रेंजवर खायचं-प्यायचं नाही, बाहेर पडताना साबणाने हात आणि चेहरा, घरी रेंजचे बूट दाराबाहेर. आणि सापळा रिकामा करायचं काम मुलांना कधीही नाही.

खटाटोपसाठी: हॉलच्या आराखड्यात हात धुवायचं बेसिन लाइनच्या खोलीच्या बाहेर पडायच्या वाटेवरच हवं, टॉयलेटच्या कोपऱ्यात नको, मग कोणी जात नाही. कोरडा झाडू बंद, झाडूने ती धूळ हवेत जाते. ओला पोछा किंवा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. गालिचा नको. हवा माणसाच्या पाठीमागून येऊन टार्गेटकडे गेली पाहिजे आणि तिथून बाहेर, उलटी कधीच नको. पुढे कधी काडतुसाची बंद रेंज केलीत तर लाइनवर सेकंदाला साधारण ०.३८ मीटर वेगाची सलग, भोवरे नसलेली हवा लागते, अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची ही शिफारस आहे. ते यंत्र इमारतीएवढंच महाग पडतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आणि बंदुकीची न जळलेली दारू लाइनच्या पुढे जमिनीवर साठत जाते, ती साफ केली नाही तर बंद रेंजला आग लागते.

सावली
खूप खूप धन्यवाद. छर्रे तोंडात धरतात हे वाचून हादरले, आज विचारते तिला.

(थोड्या वेळाने) विचारलं. धरते. 🤦‍♀️

चाकावरची
एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच बोललं नाही, म्हणून बोलते. मी व्हीलचेअरवरून रिकर्व्ह मारते.

तिरंदाजीत अपंग खेळाडू ही नंतर केलेली सोय नाहीये. १९४८ साली स्टोक मँडेविल हॉस्पिटलात जखमी सैनिकांची पहिली स्पर्धा झाली, १६ जण, आणि खेळ होता तिरंदाजी. पॅरालिंपिकचं मूळच तिथे आहे. तरी दर नव्या रेंजवर रॅम्प असतो तो फाटकापासून ऑफिसपर्यंत, आणि ऑफिसपासून लाइनपर्यंत हिरवळ! पावसानंतर माझी चाकं त्यात रुततात. मी ज्या मैदानावर आधी जायचे तिथे दोन जण मला उचलून लाइनवर ठेवायचे, प्रेमाने ठेवायचे, पण मला ते नको होतं.

काय हवं ते सांगते. लाइनवर सलग टणक पट्टा, खुर्ची मागे-पुढे वळेल एवढा रुंद, अगदी सपाट. उतार असला तर ब्रेक लावूनही खुर्ची दोरी ओढताना फिरते. तसाच एक पट्टा टार्गेटपर्यंत, निदान एका बाजूच्या दोन टार्गेटांना, म्हणजे माझे बाण मी उपसेन. हॉलमध्ये लाइनवरचं टेबल ७० ते ८० सेंटीमीटर उंचीचं असतं, त्याखाली गुडघे जातील असं करा, आडवी दांडी नको. शीतल देवी किंवा मॅट स्टट्झमन या तिरंदाजांना हात नाहीत, ते पायाने धनुष्य धरतात, त्यांना पाय समोर लांब करायला जागा लागते, म्हणून एक लेन रुंद ठेवा. 'असे किती येणार' असं समितीत कोणी म्हटलं तर सांगा, रस्ता असेल तेवढेच येणार.

खडूस_इंजिनियर
+१. काँक्रीटचा पट्टा लाइनवर आधीच धरला होता पण टार्गेटपर्यंतचा नव्हता. नकाशात घेतला. मात्र टार्गेटच्या अगदी आसपास काँक्रीट नको, खाली पडलेला बाण त्यावरून घसरत लांब जातो. शेवटचे दहा मीटर दाबलेली बारीक खडी-माती चालेल का तुम्हाला?

चाकावरची
दाबलेली असेल तर पळेल. सुटी खडी नको.

डावखुरा
धागा छान चाललाय, माझी छोटीशी भर. भाड्याने द्यायच्या धनुष्यांत चारात एक तरी डाव्या हाताचं घ्या. नुसत्या डावखुऱ्यांसाठी नव्हे, बरेच उजवे लोक डाव्या डोळ्याचे असतात, म्हणजे नेम धरताना डावा डोळा पुढाकार घेतो, त्यांना डावं धनुष्य जास्त जमतं. मी तीन वर्षं उजव्याने मारलं कारण क्लबात डावं नव्हतंच. हंगेरीच्या कारोली ताकाचने उजवा हात हातबॉम्बने गेल्यावर डाव्याने शिकून १९४८ आणि १९५२ ला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं होतं पिस्तुलात, मी तेवढा थोर नाही, मला नुसतं धनुष्य पाहिजे होतं.

तिसरा_बाण
अगदी. आणि नवशिक्यांची धनुष्यं १४ ते १८ पौंडांची, त्याहून जड घेऊ नका, जिमवाले भाऊ हट्ट करतील तरी. बाण मुद्दाम लांब घ्या. आखूड बाण पूर्ण ओढला की रेस्टवरून (धनुष्यावरच्या बाण टेकवायच्या आधारावरून) आत पडतो आणि सुटला तर थेट हातात घुसतो. कार्बन बाण दर वेळी थोडा वाकवून बघायचा, चीर असेल तर कुरकुर आवाज येतो, मग मोडून टाकायचा. ठेवून द्यायचा नाही, कोणीतरी उचलतंच.

खटाटोप
मंडळी, दोन दिवस बसून नवा आराखडा केला:

ट्रॅप नाही. टू-टू नाही, त्यासाठी जागाही राखलेली नाही, काकांचं पटलं. हॉल नैर्ऋत्येला, १० लेन, सव्वा मीटरच्या, शेवटची लेन रुंद. बेसिन बाहेर पडायच्या दारात. तिरंदाजी दुपारनंतर पूर्वेकडे ७०/५० मीटर, सकाळी उत्तरेकडे ३०/१८ मीटर. टार्गेटमागे बांध आणि वर सैल सोडलेली जाळी. टेकडीच्या पायथ्याशी कुंपण, पाट्या, आणि मैदान चालू असताना लाल झेंडा. लाइनवर काँक्रीट. लाइन आणि टार्गेटरांग उत्तरेला सरकवलीय, पायवाटेपासून २५ मीटर.

आता बोला.

तिसरा_बाण
खूपच बरं झालंय. एकच खटकतं, एकाच मैदानावर दोन दिशा. आज ना उद्या कोणीतरी सकाळच्या लाइनवरून उत्तरेला मारत असेल आणि दुसरा लवकर येऊन पूर्वेकडे उभा राहील. रंगाच्या रेषा पुरत नाहीत, रेषा पायांना दिसतात, डोक्याला दिसत नाहीत. टार्गेटं चाकांच्या गाड्यांवर ठेवा आणि एका वेळी एकाच दिशेची बाहेर, दुसऱ्या दिशेची शेडमध्ये कुलपात. मारायला टार्गेटच नाही तर कोण उभं राहणार. जाळी जमिनीला टेकवून शिवाय थोडी जमिनीवर लोळत ठेवा, खालून फट राहिली की बाण तिथूनच जातो, त्याला बरोबर कळतं.

शिट्ट्या पहिल्या दिवसापासून लावा: दोन म्हणजे लाइनवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला जा, आणि पाच किंवा जास्त म्हणजे जिथे असाल तिथे थांबा, ओढलेली दोरी बाण न सोडता हळूच परत आणा. नवीन माणसाला एवढं आलं पाहिजे, बाकी नंतर.

नेमकाका
आराखडा पास. आता नकाशात नसलेला एक माणूस घाला, रेंज ऑफिसर. उद्घाटनाच्या दिवशी चार असतात, मला त्यांची काळजी नाही. मंगळवारी दुपारी तीनला कोण असेल ते लिहून द्या. तो नसेल तेव्हा रेंज बंद, मंत्र्यांचा भाचा आला तरी बंद. चावी एकाकडेच. हॉलमध्ये प्रत्येक रायफलच्या नळीत रंगीत सेफ्टी दोरा, मारायची वेळ सोडून कायम, म्हणजे लांबूनच दिसतं की रिकामी आहे. समितीने त्याच्या पगाराची तरतूद केली नाही तर मी म्हणेन हॉलच्या दोन लेन कमी करा आणि त्या पैशात माणूस ठेवा.

गप्पिष्ट
मी आलो होतो विरोध करायला, आता नाव कुठे नोंदवायचं विचारतोय.

खटाटोप
काका, माणूस घातला. खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीतच लिहिला, म्हणजे कापायचा झाला तर सगळ्यांसमोर कापावा लागेल.

शेवटचा एक प्रश्न, थोडा बावळट आहे. गवतात हरवलेले बाण. आमचा माळी आत्ताच म्हणतोय की गवत कापायच्या यंत्रात बाण आला तर मी जबाबदार नाही. मेटल डिटेक्टर घेऊन ठेवायचा विचार आहे, पण कार्बनचा बाण त्याला सापडतो का?

तिसरा_बाण
दांडा नाही सापडत, टोक सापडतं, ते धातूचं असतं. बाण गवताखाली सापासारखा आडवा घुसतो, त्यामुळे पिसं दिसली नाहीत तरी टोक टार्गेटच्या दिशेला थोडं पुढे असणार, तिथून उलटं मागे शोधत या. टार्गेटमागचं गवत एकदम बारीक ठेवा. आणि हरवलेल्या बाणांची वही ठेवा, रोज. वहीत हरवलेले आणि सापडलेले जुळल्याशिवाय माळ्याला यंत्र काढू देऊ नका, माळी बरोबर बोलतोय.